शाळेच्या सुट्टीत परदेश सहल : सोलापुरातील एका सहल कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

शाळेत जाणारी दोन मुले आणि माध्यमिक शाळेत शिकवणारी पत्नी असलेल्या आमच्यासारख्या घराला लांबचा प्रवास वर्षातून दोनच वेळा करता येतो, दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात, आणि नेमक्या याच दोन वेळा विमानाची तिकिटे आणि हॉटेलांचे दर सर्वांत चढे असतात. ज्यांच्या घरात शाळा नाही त्यांना सप्टेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत तीच सहल बऱ्याच कमी पैशांत मिळते, आपल्याला ती मुभा नसते. त्यामुळे मध्यम पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबाने परदेशी सहलीचा विचार करताना सर्वांत स्वस्त सहल कोण देतो हे शोधत बसण्यापेक्षा, सगळा खर्च अगोदर लेखी कोण सांगतो हे शोधले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. या मताला कारण झालेल्या सोलापुरातील एका छोट्या सहल कार्यालयाच्या सेवेविषयी, तिच्यातील गुण आणि उणिवा या दोन्हींसह, सविस्तर लिहीत आहे.

सात रस्त्याच्या परिसरातील या कार्यालयाचे नाव मी लिहिलेले नाही. पुढे काही तक्रारीही मांडल्या आहेत आणि त्या मी मालकांना समक्ष सांगितल्या आहेत. शिवाय वाचकांना उपयोग व्हायचा आहे तो त्यांच्या पद्धतीचा, आणि ती पद्धत आपल्या गावातील कोणत्याही कार्यालयाकडून आग्रहाने मागता येईल.

आम्ही निवडलेली सहल बँकॉक आणि पटाया अशी, चार रात्री पाच दिवसांची, मुंबईहून निघणारी आणि दिवाळी २०२५ नंतरची होती. थायलंड निवडण्यामागे तीन कारणे होती. भारतीय पासपोर्टधारकांना तेथे पर्यटनासाठी ६० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे चौघांच्या व्हिसाचे पैसे आणि कागदपत्रांची धावपळ वाचत होती. मुंबईहून विमानाचा प्रवास साधारण साडेचार तासांचा आहे. आणि आठ वर्षांच्या मुलीपासून नववीतल्या मुलापर्यंत दोघांनाही रमवणाऱ्या गोष्टी तेथे जवळजवळ आहेत. मुलगा पुढील वर्षी दहावीत जाणार असल्याने हे वर्ष टळले असते, तर पुढची दोन वर्षे हा विषय काढताच आला नसता.

प्रथम आम्ही इतरत्रही चौकशी केली. बाहेरगावच्या एका मोठ्या सहल कंपनीची ‘३९,९९९ रुपयांपासून’ अशी जाहिरात पाहून फोन केला, तेव्हा तो आकडा विमानभाड्याशिवायचा, सप्टेंबर महिन्याचा आणि करांशिवायचा असल्याचे एकेक प्रश्न विचारल्यावर समजत गेले. दिवाळीच्या तारखा सांगताच तो आकडा दुपटीच्या जवळ गेला आणि तरीही ‘फायनल किती’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. सात रस्त्याच्या कार्यालयात मात्र मालकांनी आम्हाला बसवून पहिला प्रश्न विचारला तो मुलांच्या वयाचा, आणि दुसरा दोन्ही मुलांच्या शाळा कोणत्या मंडळाच्या आहेत याचा. राज्य मंडळाच्या शाळा आणि सीबीएसईच्या शाळा यांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, काही शाळांची प्रथम सत्र परीक्षा अगदी दिवाळीच्या तोंडावर संपते, आणि शाळेचे सुट्ट्यांचे पत्रक जूनमध्ये हातात येते, तर दिवाळीच्या गटाची आगाऊ रक्कम एप्रिलमध्येच भरावी लागते. ही अडचण त्यांनी स्वतःहून काढली आणि तिच्यावर सोपा तोडगाही सांगितला. पंचांगात दिवाळी कधी आहे हे वर्षभर आधी कळते, आणि बहुतेक शाळांची सुट्टी भाऊबीजेनंतरही काही दिवस असते. म्हणून भाऊबीजेनंतरच्या शनिवारी निघणारा गट घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर ते पत्नीला म्हणाले, “वहिनी, लक्ष्मीपूजनही घरी होईल आणि माणशी सहा हजार रुपयेही वाचतील.” दिवाळीच्या आधी निघणाऱ्या त्यांच्याच गटाचा दर खरोखरच माणशी सहा हजारांनी अधिक होता.

या कार्यालयाची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यांचे खर्चाचे पत्रक. एका बाजूला सहलीच्या किमतीत काय धरले आहे आणि दुसऱ्या बाजूला काय धरलेले नाही, हे मराठीत, मोठ्या अक्षरात छापलेले असते आणि त्यावर आपली व त्यांची सही होते. आमच्या पत्रकातील आकडे येथे देतो, कारण अशा लेखांत बहुधा आकडेच दिलेले नसतात. बारा वर्षांवरील प्रत्येकाला प्रौढाचा दर लागतो, त्यामुळे तेरा वर्षांचा मुलगा धरून आम्ही तीन प्रौढ झालो आणि प्रत्येकी ६२,००० रुपये याप्रमाणे १,८६,००० रुपये झाले. मुलीसाठी वेगळा पलंग न घेता ५१,००० रुपये, म्हणजे मूळ रक्कम २,३७,००० रुपये. त्यावर सहलीच्या पॅकेजवरील ५ टक्के जीएसटी ११,८५० रुपये, आणि या बेरजेवर परदेशी सहलीसाठी विक्रेत्याने गोळा करावयाचा टीसीएस हा आयकर, जो २०२५-२६ या आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या रकमेला ५ टक्के होता, म्हणजे सुमारे १२,४४० रुपये. एकूण भरणा २,६१,२९० रुपयांच्या आसपास. तीच सहल सप्टेंबरच्या मध्यात घेतली असती तर प्रौढाचा दर ४७,००० रुपये होता. म्हणजे शाळेची सुट्टी पाळण्यासाठी आमच्या कुटुंबाने साधारण पंचावन्न हजार रुपये जास्त मोजले. नववीच्या मुलाची शाळा आठवडाभर बुडवून हे पैसे वाचवणे पत्नीला शिक्षिका म्हणून पटणारे नव्हते आणि मलाही नव्हते, परंतु निर्णय घेताना त्या निर्णयाची किंमत कागदावर समोर असणे फार आवश्यक असते. मालकांनी तो सप्टेंबरचा दर स्वतःहून दाखवला, याचे मला कौतुक वाटते.

टीसीएसविषयी बहुतेक कार्यालयांत ‘सरकारी टॅक्स आहे, द्यावाच लागतो’ एवढेच सांगितले जाते. प्रत्यक्षात ही रक्कम बुडत नाही. ती आपल्या पॅनवर जमा होते, आयकर खात्याच्या आपल्या नावावरील करपत्रकात (२०२५-२६ मध्ये फॉर्म २६एएस) दिसते आणि विवरणपत्र भरताना आपल्या करातून वजा होते किंवा परत मिळते. पगारदारांना ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक सोय झाली आहे: ठरावीक फॉर्म (२०२५-२६ मध्ये १२बीएए) भरून आपल्या कंपनीला ही माहिती दिली, तर पुढील महिन्यांच्या पगारातून कापला जाणारा टीडीएस तेवढ्याने कमी होतो. मी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो, त्यामुळे मला हे माहीत होते, पण या कार्यालयातील हिशेब पाहणाऱ्या मुलीने प्रत्येक ग्राहकाला ते समजावून सांगताना मी ऐकले आहे. पती-पत्नी दोघांनाही उत्पन्न असेल तर ज्याचा कर जास्त कापला जातो त्याच्या पॅनवर पावती करावी, ही सूचनाही तिचीच. याच संदर्भात आमच्या कारखान्यातील काही सहकाऱ्यांचा एक समज दूर करण्याजोगा आहे: पगारातील प्रवास सवलतीची (एलटीए) करमाफी केवळ देशांतर्गत प्रवासाला मिळते, परदेशी सहलीची बिले त्यासाठी चालत नाहीत.

आता पैसे उभे करण्याविषयी. आपल्या भागात अनेक ठिकाणी ‘दरमहा हप्ता भरा आणि वर्षाने परदेशात जा’ अशा योजना दिसतात, आणि मीही प्रथम तेच विचारले होते. मालकांनी अशी योजना आपण चालवत नाही असे सांगितले आणि त्याचे कारणही दिले: वर्षभर तुमचे पैसे माझ्याकडे राहिले आणि मध्येच माझा धंदा अडचणीत आला, तर तुमची सहलही जाईल आणि पैसेही जातील, त्यापेक्षा ते तुमच्या नावावर, तुमच्याच बँकेत राहू द्या. धंद्यात असलेल्या माणसाने, हातात येऊ शकणारे पैसे असे नाकारणे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यानुसार आम्ही नोव्हेंबर २०२४ पासून बँकेत दरमहा १५,००० रुपयांचे आवर्ती खाते उघडले, जे ऑगस्टअखेरीपर्यंत दीड लाखावर गेले आणि वर चार हजारांच्या आसपास व्याज मिळाले. आगाऊ भरावयाचे एक लाख रुपये पत्नीच्या भिशीतून आले. वीस जणींच्या पाच हजारांच्या भिशीत तिने एप्रिलचा नंबर मागून घेतला होता. उरलेली थोडी रक्कम पगारातून भरली. कर्ज काढावे लागले नाही आणि क्रेडिट कार्डाचे हप्तेही करावे लागले नाहीत. दरमहा १५,००० रुपये बाजूला काढणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्या वर्षी घराचे रंगकाम पुढे ढकलले आणि नवा फ्रीज घेतला नाही. परंतु हे सर्व ठरवून केले असल्यामुळे मुलांनाही त्याचा अर्थ समजला होता.

पासपोर्टचा खर्च वेगळा. प्रौढांना प्रत्येकी १,५०० रुपये आणि मुलांना प्रत्येकी १,००० रुपये, असे चौघांचे ५,००० रुपये लागले. मुलांच्या अर्जासोबत आई-वडिलांनी दोघांनीही सही केलेले ‘ॲनेक्शर डी’ हे घोषणापत्र जोडावे लागते, आणि पंधरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालतो. कार्यालयाने हे अर्ज भरून देण्याचे पैसे घेतले नाहीत. थायलंडमध्ये १ मे २०२५ पासून प्रत्येक प्रवाशाला येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य असते, पण सरकारी असल्याचा भास निर्माण करून पैसे उकळणारी संकेतस्थळेही आहेत. कार्यालयाने ते आमच्यासमोर भरून दिले आणि त्याची छापील प्रत पासपोर्टमध्ये घालून दिली.

सोलापूरकरांसाठी सर्वांत मोठा प्रश्न मात्र सोलापूरहून विमानतळापर्यंत पोहोचण्याचा आहे, आणि येथे या सेवेची पहिली उणीव दिसते. सहलीची किंमत मुंबई विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंतची असते. आपल्याकडून मुंबई चारशे किलोमीटर, तर हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर आहे. हैदराबादहून बँकॉकला थेट विमाने आहेत आणि तो हवाई प्रवासही मुंबईपेक्षा जवळजवळ तासाने कमी आहे. मी हैदराबादहून गट निघेल का असे विचारले, तेव्हा तेथून गटदरातील जागा घेण्याइतके प्रवासी आमच्याकडे होत नाहीत, असे उत्तर मिळाले. सोलापूर, अक्कलकोट, धाराशिव, लातूर एवढ्या पट्ट्यातून लोक या कार्यालयात येत असताना त्यांनी हा प्रयत्न करायला हवा, असे मला मनापासून वाटते. भाऊबीजेनंतर सोलापूरहून पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या चाकरमान्यांची जी गर्दी असते, तिच्यातून सामान आणि मुले घेऊन जावे लागते, आणि याचा विचार गटाची तारीख ठरवताना झालेला नसतो.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधीच सुरू होते, म्हणजे सहलीचे पैसे एप्रिलमध्ये भरले तरी मुंबईचे तिकीट ऑगस्टअखेरीपर्यंत काढता येत नाही. कार्यालयाने त्या दिवशी सकाळीच आठवण करून दिली आणि आम्हाला वंदे भारतची चार तिकिटे मिळाली. सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास निघणारी ही गाडी दुपारी बाराच्या आसपास दादरला पोहोचते, आणि रात्रीच्या विमानासाठी ती सोयीची आहे. ऑक्टोबरमध्ये सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली, पण तोपर्यंत आमची तिकिटे निघाली होती. पुढील गटांसाठी कार्यालयाने या विमानाची सांगड घालून पाहावी.

निघाल्यानंतरची सेवा कशी होती, हे एका प्रसंगावरून कळेल. आम्ही २५ ऑक्टोबरच्या शनिवारी निघालो. आदल्या रात्री थायलंडच्या राजमाता सिरिकित यांचे निधन झाले होते. गाडी पुण्याच्या पुढे गेली असताना कार्यालयाचा सविस्तर संदेश आला: सहल रद्द नाही, देशात शोक पाळला जात आहे, सर्वांनी साध्या, शक्यतो काळ्या किंवा पांढऱ्या रंगाचे कपडे वापरावेत, कार्यक्रमात काही बदल होतील आणि ते रोज सकाळी कळवले जातील. दिवाळीचे नवे, भडक रंगाचे कपडे बॅगेत भरलेले होते. दादरला हाताशी काही तास होते, त्यात स्टेशनबाहेरच मुलांसाठी साधे पांढरे टी-शर्ट आणि पत्नीसाठी एक काळी ओढणी घेतली. बँकॉकला उतरल्यावर ते किती योग्य होते हे दिसले. पासपोर्ट तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांपासून दुकानातल्या मुलींपर्यंत बहुतेकांच्या अंगावर काळे कपडे होते, चाओ फ्राया नदीवरील जेवणाच्या नौकेवर संगीत बंद ठेवले होते, आणि राजवाड्याचा परिसर विधींमुळे पर्यटकांसाठी बंद होता. तेथील वाटाड्याने त्याऐवजी ‘वाट ट्रायमित’ या बौद्ध मंदिरातील साडेपाच टन वजनाच्या सुवर्णबुद्धापाशी अधिक वेळ दिला आणि मुलांना त्या मूर्तीची हकिगत सांगितली: शतकानुशतके ती गिलाव्याखाली झाकलेली होती आणि १९५५ मध्ये हलवताना गिलावा फुटल्यावर आतले सोने दिसले. दुसऱ्याच्या घरातील दुःखाच्या वेळी पाहुण्याने कसे वागावे, हे आमच्या मुलांना त्या चार दिवसांत शिकता आले, आणि त्याला कार्यालयाचा तो वेळेवर आलेला संदेश कारण झाला.

हॉटेले स्वच्छ आणि पत्रकात लिहिलेल्या दर्जाचीच होती. मात्र पटायाला मुलासाठी ‘जादा पलंग’ म्हणून जे दिले गेले ती घडीची गादी होती, आणि तेरा वर्षांच्या उंच मुलाचे पाय तिच्याबाहेर येत होते. प्रौढाचे पूर्ण पैसे घेतले असताना हे योग्य नाही. तक्रार केल्यावर वाटाड्याने दुसऱ्या रात्री व्यवस्थित पलंग मिळवून दिला, पण सोलापुरातूनच हॉटेलला हे लेखी कळवलेले असायला हवे होते. चौघांच्या कुटुंबाला एकाच खोलीत बसवण्याचा हा प्रश्न सर्वच सहलींत येतो, म्हणून ज्यांचा मुलगा किंवा मुलगी बारा ओलांडून गेली आहे त्यांनी पलंगाचा प्रकार पत्रकावर लिहूनच घ्यावा.

जेवणाविषयी समाधान आहे, पण त्यात वैविध्य नव्हते. दुपार-रात्र भारतीय उपाहारगृहांत तीच पिवळी डाळ, तेच पनीर आणि तोच जिरा राईस होता. शाकाहारी कुटुंबांची सोय होते, परंतु स्थानिक चव घेण्याची संधी कार्यालयाने ठरवून द्यायला हवी. आम्ही स्वतःहून आंबा आणि चिकट भाताचा गोड पदार्थ घेतला, तो मुलांना इतका आवडला की पुढे रोज मागितला गेला. कार्यालयाने दिलेल्या सामानाच्या यादीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेण्याची शिफारस होती आणि चटणी हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या सामानात ठेवावी, अशी सूचनाही होती. रात्री उशिरा हॉटेलवर आल्यावर ती शिदोरी फार कामी आली. याच यादीत दुबई आणि सिंगापूरच्या गटांसाठी, तेथे खसखस नेण्यास मनाई असल्याने दिवाळीचे अनारसे सोबत घेऊ नयेत, असे ठळकपणे छापलेले होते. असा बारकावा मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत पुस्तिकांत मी पाहिलेला नाही.

दोन गोष्टींविषयी माझी स्पष्ट नाराजी आहे. पहिली टिपची. पहिल्याच दिवशी बसमध्ये वाटाड्या आणि चालक यांच्यासाठी माणशी दररोज ५० बाट (बाट हे थायलंडचे चलन) द्यावेत असे सांगण्यात आले. चौघांचे मिळून ते १,००० बाट, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २,७०० रुपये झाले. रक्कम मोठी नाही आणि त्या दोघांच्या मेहनतीच्या मानाने ती द्यावीशीही वाटते, परंतु ज्या पत्रकाचा मी वर इतका गौरव केला त्यात ही ओळ नव्हती. परत आल्यावर मी हे मालकांना सांगितले, त्यांनी ते मान्य केले आणि मे महिन्याच्या नव्या पत्रकात ती ओळ छापलेली मी पाहिली आहे. दुसरी गोष्ट रत्नांच्या दालनाची. पटायाहून परतताना बस तेथे नेण्यात आली आणि जवळजवळ दोन तास गेले. मुलांना त्यात काहीही रस नव्हता, आणि विक्रेते प्रत्येक कुटुंबाच्या मागे मागे फिरत होते. सुट्टीच्या चढ्या दराने विकत घेतलेल्या प्रत्येक तासाची किंमत कुटुंबाने मोजलेली असते. तो तास खरेदीच्या दालनात घालवण्यास पालकांची आधी संमती घेतली पाहिजे. यावर मालकांचे उत्तर मला समाधानकारक वाटले नाही. तेथील भागीदार कंपनीची ती पद्धत आहे, एवढेच ते म्हणाले.

तेथे हातखर्चाला किती न्यावे, याचा त्यांनी दिलेला अंदाज अचूक निघाला. बाटचा दर तेव्हा पावणेतीन रुपयांच्या आसपास होता. तेथील एटीएम तेव्हा परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी साधारण २२० बाट आकारत, म्हणून थोडे थोडे पैसे काढू नयेत, आणि कार्ड वापरताना यंत्राने रुपयांत की बाटमध्ये असे विचारल्यास बाटच निवडावे, असे त्यांनी बजावून सांगितले होते. कोरल बेटावरील पाण्यातील खेळ पॅकेजबाहेर होते आणि त्यांचे दर किनाऱ्यावर सांगितले जातात. मुलासाठी पॅराग्लायडरसारख्या छत्रीने बोटीमागून उडण्याचा एकच खेळ घेतला. अनेक ठिकाणी मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर ठरते, हेही पत्रकात होते. नाँग नूच उद्यानातील फुलांच्या रचना आणि प्राण्यांच्या मूर्ती पाहताना मुलगी हरखून गेली होती. परतीच्या वेळी सुवर्णभूमी विमानतळावरील समुद्रमंथनाच्या भव्य शिल्पापुढे तिने वासुकी, देव आणि दानव एकेक करून ओळखले, तेव्हा आजूबाजूचे परदेशी प्रवासीही थांबून ऐकू लागले होते.

हातखर्च, रेल्वे, कपडे आणि पासपोर्ट धरून आमचा एकूण खर्च तीन लाखांच्या आत राहिला, आणि त्यातील टीसीएसची रक्कम मार्च २०२६ पर्यंतच्या पगाराच्या करात वळती होणारी होती. ज्यांना एवढी रक्कम शक्य नाही त्यांनाही मालक उगाच आग्रह करत नाहीत. आमच्यासमोर बसलेल्या एका कुटुंबाला त्यांनी नेपाळ सुचवला आणि तेथे विमानाने जाताना पंधरा ते पासष्ट वर्षांच्या प्रवाशांना आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, हेही त्याच वेळी सांगितले. भूतानविषयी विचारणाऱ्यांना तेथील माणशी प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपयांचे शाश्वत विकास शुल्क आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मे, हे धरून हिशेब करून दिला.

दोन वर्षांखालील बाळ सोबत असेल, कांदा-लसूण पूर्ण वर्ज्य असेल, किंवा वृद्ध आई-वडिलांना घेऊन सावकाश फिरायचे असेल, तर या कार्यालयाच्या ठरलेल्या गटांपेक्षा स्वतंत्र सहल आखून घेणे बरे, कारण सकाळी आठला बस निघते आणि ती कोणासाठी थांबत नाही. शाळकरी मुलांच्या, नियमित पगाराच्या आणि वर्षभर आधी ठरवण्याची तयारी असलेल्या कुटुंबांना मात्र मी हे कार्यालय निःसंकोच सुचवतो. जाण्यापूर्वी मुलांच्या वयाचे दाखले आणि शाळेचे मागील वर्षाचे सुट्ट्यांचे पत्रक सोबत न्यावे. दिवाळीच्या गटासाठी मार्च-एप्रिलमध्ये आणि मे महिन्याच्या गटासाठी दिवाळी संपताच विचारणा करावी, कारण गटदरातील जागा ठरावीक असतात आणि त्या भरल्यावर उरलेल्यांना त्या दिवशीच्या चालू दराने तिकीट घ्यावे लागते.